विस्कटलेल्या आवाजाची उकल

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकच्या दोन तीरांवरून चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्या ज्या मसलती रेडिओ-टेलिफोनवर चालत, त्या परक्याच्या कानी पडल्या तरी त्याला त्यांचा अर्थबोध होऊ नये, हा सारा बंदोबस्त 'ए-३' नावाच्या यंत्रावर सोपविलेला होता. हे यंत्र कंपनसंख्येनुसार आवाजाचे पाच पट्टे पाडी, त्यांची अदलाबदल करी, काही उलटे करी, आणि दर २० सेकंदांनी ही रचना बदली. परंतु मूळ ध्वनीतले काहीच त्यात नाहीसे होत नसे, केवळ जागा हललेल्या असत. हॉलंडच्या किनाऱ्यावर नोर्डवाइक येथे ठाण मांडून बसलेल्या जर्मन टपालखात्याच्या अभियंत्यांनी १९४२ पर्यंत त्या जागा हुडकून काढल्या आणि जवळजवळ बोलण्याच्याच गतीने संभाषण पूर्ववत ऐकण्याची सोय केली. मुसोलिनीच्या पतनानंतर अवघ्या चार दिवसांनी, २९ जुलै १९४३ रोजी, इटलीशी करावयाच्या युद्धविरामासंबंधी या दोघा मुत्सद्द्यांचे झालेले बोलणे शत्रूच्या दप्तरी दाखल झाले, ते याच मार्गाने.

ए-३ची ही उणीव भरून काढणारे, बेल प्रयोगशाळेने घडविलेले 'सिगसॅली' हे यंत्र त्याच महिन्यात रुजू झाले, आणि त्यामागील विचार मला विलक्षण सुंदर वाटतो. येथे आवाजाची मोजमापे सेकंदाला ५० वेळा घेतली जात व प्रत्येकाला शून्य ते पाच यांपैकी एक अंक मिळे. मग पाऱ्याच्या बाष्पनळीतील गोंगाट मुद्रित केलेल्या तबकडीवरचा एक अंक त्यात मिळविला जाई. आवाजाचा ४ आणि गोंगाटाचा ५ मिळून ९ झाले, की त्यातून सहा वजा करून ३ हाच अंक आकाशमार्गे रवाना होई. ज्याच्यापाशी तीच तबकडी त्याच क्षणी फिरत असेल, तो तीनातून पाच वजा करून, उणे आले म्हणून सहा मिळवून, पुन्हा चारावर येई. चोरून ऐकणाऱ्याच्या हाती मात्र नुसता ३ राही, आणि त्यामागे सहाही अंक सारखेच संभवनीय असत. तबकडीच्या मोजक्या प्रती निघत, आणि एकदा वापरल्यावर त्या नष्ट करण्याचा सक्त हुकूम असे.

सिगसॅलीसाठी पन्नास टनांहून अधिक वजनाची सामग्री लागे. लंडनमध्ये ती ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील सेल्फ्रिजेस या दुकानाच्या तळघरात ठेवली होती, आणि तिच्यासंबंधीची पेटंटे १९७६ पर्यंत गुप्त राहिली.