पाकिटावरील हिरवी खूण व तिची मर्यादा

किराणा दुकानात पूर्वी बहुतेक जिन्नस सुटा मिळे. डाळ हातात घेऊन पारखावी, मसाला समोर कुटून घ्यावा, शंका आल्यास दुकानदारास विचारावे, एवढ्याने काम भागे. आता पुष्कळसा माल बंद पाकिटात येतो. त्याची पारख छापील मजकुरावरूनच करावी लागते.

गिऱ्हाइकाची दृष्टी प्रथम जाते ती हिरव्या चौकटीतील हिरव्या ठिपक्याकडे. मांसाहारी पदार्थांवरील खूण २००१ साली सक्तीची झाली आणि शाकाहारी पदार्थांवरील २००२ साली. पुढे २०२० च्या नियमांनी मांसाहारी पदार्थांसाठी तपकिरी त्रिकोण ठरविला.

परंतु हिरवा ठिपका म्हणजे जैन आहाराची हमी नव्हे. मांसाहाराच्या कायदेशीर व्याख्येतून दुधाबरोबर मधही वगळलेला आहे; म्हणून मध घातलेल्या पदार्थावर हिरवीच खूण येते. कांदा, लसूण, बटाटा हे तर वनस्पतिजन्यच. आपल्या बुऱ्हाणपूरच्या केळ्यांचे वेफर घ्या. केळे कंदमूळ नाही, म्हणून ते निःशंकपणे घेतले जातात. पण वर भुरभुरलेल्या मसाल्यात लसणाची पूड असली तरी खूण हिरवीच राहते. घटकांच्या यादीत ‘मसाले’ किंवा ‘स्टार्च’ असे मोघम नाव चालते. तो स्टार्च मक्याचा की बटाट्याचा, हे त्यावरून कळत नाही.

आकड्यांचे कोडे याहून अवघड आहे. १२० हा लाल रंग किड्यांपासून काढतात. ४७१ वनस्पतींच्या तेलापासून होतो, तसाच प्राण्यांच्या चरबीपासूनही. चव वाढविणारा ६३१ मांस वा मासळीपासूनही बनवितात. याच पदार्थाचा दाखला देऊन दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बजावले की, केवळ आकडा न देता घटकाचे मूळ वनस्पतीचे की प्राण्याचे, हेही सांगितले पाहिजे.

‘जैन’ पदार्थांसाठी हिरव्या ठिपक्यासारखी सरकारी खूण नाही. हा शब्द पाकिटावर असला, तरी तो उत्पादकाचा शब्द होय. म्हणून व्यापारी बंधूंनी मसाला, स्टार्च व क्रमांकित घटक यांचे मूळ उत्पादकाकडून लेखी मागवावे आणि ते कळेपर्यंत ‘हे जैन आहे’ असे गिऱ्हाइकास सांगू नये. गिऱ्हाईक पाकीट घेते, पण त्याचा विश्वास आपल्या शब्दावर असतो.