धातुशोधक यंत्राचा सूर

अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजीं गोळी झाडण्यांत आली. ती देहांत कोठें रुतली आहे, याचा डॉक्टरांस पत्ता लागेना. तेव्हां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं घाईघाईनें एक विजेचें यंत्र सिद्ध केलें. धातूजवळ नेतांच तें नाद करी. परंतु रुग्णशय्येपाशीं त्याचा उलगडा होईना. मागाहून कळलें कीं, बिछान्यांत पोलादी तारा होत्या! शिवाय डॉक्टरांनीं उजवी बाजूच तपासूं दिली, आणि गोळी निघाली डावीकडे. १९ सप्टेंबरला अध्यक्ष निवर्तले. यंत्र खोटें बोललें नव्हतें. हव्या धातूचा नाद नको त्या नादांतून निवडतां आला नाहीं, इतकेंच.

हीच अडचण आज ऑस्ट्रेलियांत सोनें शोधणाऱ्यांपुढें असते. तेथील सुवर्णक्षेत्रांतील माती लोहयुक्त, म्हणून यंत्रें भलत्याच ठिकाणीं ओरडत. १९९५ सालीं तेथील माइनलॅब कंपनीनें ‘पल्स इंडक्शन’ पद्धतीचें यंत्र या कामीं आणलें आणि सोडून दिलेल्या जागीं पुन्हां सोनें सांपडूं लागलें. मात्र या यंत्राच्या खुंट्या ज्यास उमगल्या, त्यासच तें प्रसन्न होतें.

त्याची रीत देवळांतील घंटेवरून समजेल. टोल द्यावा, हात आवरावा आणि नाद किती वेळ घुमतो तें ऐकावें. यंत्राच्या तारेच्या वेटोळ्यांतून विजेचा क्षणिक झोत जातो व एकाएकीं तोडला जातो. त्यामुळें जवळच्या धातूंत प्रवाहाचे भोवरे उठतात आणि विरून जातात. ते विरतांना यंत्र कान देतें. असे टोल सेकंदास शेंकडों किंवा हजारों पडतात. सोन्याच्या बारीक कणांतील भोवरा झटकन विरतो; तांब्याच्या जाड तुकड्यांतील बराच टिकतो.

आतां टोलानंतर किती थांबून ऐकावें, हें ठरविणारी खुंटी म्हणजे ‘पल्स डिले’. हीच सर्वांत महत्त्वाची. हा अवधि सुमारें १० मायक्रोसेकंद ठेवला, म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकीं अवघे दहा, तर बारीक कणही ऐकूं येतो. पण खाऱ्या ओल्या वाळूचा नादही असाच अल्पायुषी. तोही कानीं पडतो. अवधि २० च्या पुढें नेला कीं खार गप्प होतो, आणि त्याबरोबर बारीक सोनेंही! एक मिळवावयाचें तर दुसरें सोडावें लागतें.

‘थ्रेशोल्ड’ म्हणजे तंबोऱ्याचा षड्ज. अगदीं मंद, अखंड गुणगुण राखावी. खोल पुरलेली वस्तु मोठ्यानें बोलत नाहीं, ती हा सूर किंचित् हलविते. तो पार मिटविला तर क्षीण नाद बुडतात. फार चढविला तर त्याच्या गोंगाटांत हरवतात.

‘ग्राउंड बॅलन्स’ हा जमिनीशीं जुळवून घेण्याचा उपाय. वेटोळें जमिनीवर खालींवर करीत खुंटी फिरवावी. मातीचा नाद मावळला कीं ती जुळली. मात्र ज्या वस्तूचा नाद मातीसारखाच विरतो, तीही यामुळें मुकी होते. जमीन पालटली कीं पुन्हां जुळवावें.

जवळच्या विजेच्या तारांमुळें सूर डळमळूं लागला, तर टोलांची गति किंचित् बदलावी. ‘सेन्सिटिव्हिटी’ सर्वांच्या शेवटीं वाढवावी. ती पूर्ण चढविली म्हणजे सोनें अधिक खोलवर दिसेल, हा नवशिक्याचा नेहमींचा भ्रम. बडबड्या यंत्रापेक्षां शांत यंत्रच खोलवर पाहतें.

एवढें करूनही हें यंत्र लोखंडी खिळा आणि सोनें यांत खात्रीनें भेद करीत नाहीं. म्हणून नाद आला कीं खणणें हेंच खरें. दहा खिळ्यांमागें एक कण मिळाला तरी जाणता मनुष्य कुरकुरत नाहीं.

आम्हांस यांत एक गोष्ट विशेष वाटते. प्रत्येक खुंटी आपणांस विचारते, ‘काय ऐकावयाचें नाहीं?’ त्याचें उत्तर यंत्रापाशीं नाहीं. तें पायाखालची जमीन पाहून आपणच द्यावयाचें असतें. बेलच्या यंत्रास बिछान्याची वार्ता आधीं कोणी दिली नव्हती. आपल्या यंत्रास ती देणें आपल्या हातीं आहे.