विमानतळाची कंपनी आणि आपली जमीन

पेण-रोह्याच्या शेतकऱ्यास विमान हें आजवर मान वर करून पाहण्याचें वाहन होतें. आतां तें दाराशीं आलें आहे. पनवेलजवळील नवी मुंबई विमानतळाचें उद्घाटन ता. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें व ता. २५ डिसेंबरपासून तेथून उतारूंची ने-आण सुरू झाली. हा विमानतळ सरकारी खातें चालवीत नसून एक कंपनी चालविते. या पद्धतींत जमीनधारकाचें स्थान कोणतें, हें आमच्या वाचकांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

पूर्वीं विमानतळ हें सर्वस्वीं सरकारी काम असे. २००३ सालीं कायदा दुरुस्त होऊन ते भाडेपट्ट्यानें देण्याची वाट मोकळी झाली, आणि २००६ सालीं मुंबई व दिल्ली येथील विमानतळ कंपन्यांच्या हातीं गेले. विमानतळानें आपला खर्च आपण भागवावा, नफा मिळवावा व सरकारास हिस्सा द्यावा, हें या धोरणाचें सार होय. नव्या मुंबईच्या कंपनींत ७४ टक्के भाग अदानी समूहाचे व २६ टक्के सिडकोचे आहेत. २०१७ सालीं जीव्हीके कंपनीनें उत्पन्नाचा १२.६० टक्के हिस्सा सिडकोस देऊं करून हें काम मिळविलें होतें. २०२१ सालीं तें अदानी समूहाकडे गेलें.

अशा कंपनीस उत्पन्न दोन वाटांनीं येतें. विमान उतरण्याचे व उतारूंचे आकार ही पहिली वाट. मोठ्या विमानतळांवरील हे दर सरकारनें नेमलेलें प्राधिकरण ठरवितें. दुकानें, जाहिराती, गाड्यांचा तळ व जागेचें भाडें ही दुसरी वाट. २०१६ च्या धोरणाप्रमाणें या दुसऱ्या उत्पन्नापैकीं ३० टक्केच पहिल्या आकारांचा बोजा हलका करण्यासाठीं धरावयाचे असतात. म्हणजे या व्यापाराचें खरें भांडवल जमीन होय.

ती जमीन कोणाची? शेतकऱ्याची. नव्या मुंबईसाठीं जमिनी गेल्या तेव्हां दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लढा झाला. जानेवारी १९८४ मध्यें पांच शेतकरी गोळीबारास बळी पडले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचें तत्त्व मान्य झालें. विमानतळासाठीं तेंच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेलें. मागितल्यावांचून कांहींच मिळालें नाहीं.

केरळांत कोचीचा विमानतळ १९९४ सालीं नोंदलेल्या कंपनीनें उभारला व १९९९ सालीं सुरू झाला. तेथें राज्य सरकार सर्वांत मोठें भागधारक असून बाकीचे भाग हजारों लोकांनीं घेतलेले आहेत. २०१५ पासून तो सूर्यशक्तीवर चालतो, आणि सौर पट्टयांच्या मधल्या जागेंत भाजीपालाही पिकवितात. कंपनी म्हणजे एकाच धनिकाची पेढी असें नव्हे, हें यावरून दिसतें.

पेण तालुक्यास हा प्रश्न परका नाहीं. ता. २१ सप्टेंबर २००८ रोजीं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांत 'सेझ'विषयीं सरकारनें शेतकऱ्यांचें मत घेतलें. पुढें तें भूसंपादन बारगळलें. मार्च २०२४ मध्यें पेण, पनवेल व उरण तालुक्यांतील १२४ गांवांकरितां नवनगर वसविण्याचें काम एमएमआरडीएकडे सोंपविण्यांत आलें. शहर वाढलें कीं पाणीही तिकडे वळतें. हेटवण्याचें पाणी नव्या मुंबईस जातच आहे. रोह्यांत कुंडलिकेच्या कालव्यांवर उन्हाळी भात होतो. त्या कालव्यांचें मोल आजच ओळखावें.

आमचें म्हणणें विमानतळाविरुद्ध नाहीं. पहिल्या टप्प्यांत वर्षास सुमारें ५ लक्ष टन माल हाताळण्याची त्याची योजना आहे. त्यांत आपल्या भाजीपाल्यास, फळांस व मासळीस शीतगृहासह जागा मिळावी, ही मागणी सोसायट्यांनीं एकत्र येऊन करावी. दलालाच्या घाईनें सातबारा हातचा घालवूं नये. जमीन द्यावीच लागली, तर भाडेपट्टा किंवा कंपनींतील भाग मागावा. रोख रक्कम लग्नकार्यांत संपते. भूखंड एकदांच मिळतो. भागाचा नफा मात्र पुढील पिढीसही पोंचतो. ज्याच्या जमिनीवर दुकान उभें आहे, त्यास गल्ल्याचा हिशेब विचारण्याचा हक्क असलाच पाहिजे.