काळ्या मोहऱ्यांचा विजय

बुद्धिबळांत पहिली खेळी पांढऱ्याची असल्यामुळें काळ्याला प्रथम बचावच करावा लागतो. परंतु बचाव म्हणजे भ्याडपणा नव्हे. इ. स. १९१४ सालीं मॉस्को येथें ओसिप बर्नस्टाइन व क्यूबाचा कॅपाब्लांका यांच्यांत झालेला डाव याची उत्तम साक्ष आहे.

बर्नस्टाइननें वजिरापुढील प्यादें सारून आरंभ केला. कॅपाब्लांकानें जुना, भक्कम बचाव स्वीकारला : मध्यभागीं प्यादीं रोविलीं, मोहरीं बाहेर काढलीं व किल्लेकोट करून राजा सुरक्षित केला. पुढें त्याचें एक प्यादें पांढऱ्याच्या तिसऱ्या ओळींत पोहोंचलें. बर्नस्टाइनला मोह पडला. २७ व्या खेळींत त्यानें तें घोड्यानें मारलें. मग मारामारी होऊन २९ व्या खेळींत काळ्यानें आपला वजीर पांढऱ्या वजिराच्या तोंडीं दिला! तो मारावा, तर काळा हत्ती शेवटच्या ओळींत उतरून मात करितो, कारण पांढऱ्या राजापुढचीं तिन्ही प्यादीं जागचीं हललेलीं नव्हतीं. न मारावा, तर निदान हत्ती तरी जातो. बर्नस्टाइननें तेथेंच डाव सोडला.

मुलांनो, समोरचा लाभ उचलण्यापूर्वीं आपल्या राजाला निघावयास वाट आहे ना, एवढें अवश्य पाहावें.