कावेरीचा भात, सेतूची वाट

लेखमाला : नदीकाठची शहरं
लेखांक सातवा : तंजावर

गेल्या लेखांकात आपण श्रीरंगपट्टणला होतो. तिथे कावेरी दोन फाटे करून गावाला मधोमध घेते. आज तिच्याबरोबर खाली उतरून तिच्या मुखाजवळच्या सपाट मुलखात जायचं आहे.

महाराष्ट्रातून दक्षिणेला निघालेल्या बहुतेक सहलींत तंजावरच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. सकाळी बृहदीश्वर, मग घाईघाईत राजवाडा, जेवण, आणि गाडी पुढे रामेश्वरच्या किंवा वेळांकन्नीच्या रस्त्याला लागते. कोडियक्करैच्या अभयारण्यासाठी, म्हणजे पॉइंट कॅलिमियरसाठी, दोन दिवस राखून ठेवणारे पक्षिप्रेमीही वाटेतलं तंजावर उरकूनच घेतात. या लेखात मला उलट आग्रह धरायचा आहे. नदी, शहर आणि तो किनारा हे एकाच गोष्टीचे तीन भाग आहेत आणि ते सलग पाहिले तरच कळतात. कावेरीनं भात पिकवला, तंजावरनं त्यातून देवळं आणि ग्रंथ उभे केले, आणि समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर तोच भात येणाऱ्याजाणाऱ्याच्या पानात वाढला.

पाण्याची वाटणी

सुरुवात देवळापासून करू नका. आधी तिरुवैयारूच्या रस्त्यानं जा. जेमतेम तेरा किलोमीटरचं अंतर, पण त्यात एकामागून एक पाच पूल लागतात : वडवार, वेन्नार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी खुद्द कावेरी. पुलांच्या मधे नजर जाईल तिथवर भातखाचरं. पलीकडच्या काठावर त्यागराजांची समाधी आहे. १८४७ साली ते गेले. दर वर्षी पौष वद्य पंचमीला देशभरातले गायक-वादक इथे जमतात आणि त्यांची पंचरत्न कीर्तनं एकत्र गातात.

एका नदीच्या इतक्या नद्या कशा झाल्या, याचं उत्तर वर, त्रिचीच्या खाली असलेल्या कल्लणै बंधाऱ्यावर मिळतं. श्रीरंगमपाशी कावेरीचे दोन प्रवाह होतात. त्यातला उत्तरेकडचा कोळ्ळिडम, ज्याला जुने इतिहासग्रंथ कोलेरून म्हणतात, सखल पात्रातून वाहतो. मोकळं सोडलं तर पाणी त्याच उतारानं थेट समुद्राला मिळेल आणि दक्षिणेची शेतं कोरडी राहतील. म्हणून दोन्ही प्रवाह पुन्हा जवळ येतात तिथे वाळूवरच दगडांचा नागमोडी बांध रचला गेला. पुराचं जादा पाणी कोळ्ळिडममध्ये सोडायचं आणि शेतीचं पाणी दक्षिणेच्या फाट्यांत राखायचं, एवढंच त्याचं काम. परंपरा हा बांध करिकाल चोळाचा, म्हणजे साधारण दुसऱ्या शतकातला मानते. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरनं त्याचा बारकाईनं अभ्यास केला. वाळूत पाया कसा टिकतो हे तो इथे शिकला आणि १८३६ मध्ये वरच्या अंगाला कोळ्ळिडमवर त्यानं नवा बंधारा घातला.

१९३४ मध्ये मेट्टूरचं धरण झालं. त्याच सुमाराला कल्लणैपासून एक मोठा कालवा काढला गेला. तो तंजावर शहरातून, बृहदीश्वराच्या अगदी जवळून वाहत पुढे दक्षिणेला पट्टुकोट्टैकडे जातो. आपल्यालाही त्याच दिशेनं समुद्रावर जायचं आहे.

भातात मोजलेलं देऊळ

राजराज चोळाचं हे देऊळ १०१० साली पुरं झालं. ग्रॅनाइटचं सुमारे २१६ फुटी विमान आपण सगळेच मान वर करून पाहतो. तेवढ्यावर थांबू नका, खाली वाकून जोत्यावरची अक्षरंही पाहा. तमिळ येत नसलं तरी ओळींमागून ओळी किती दूरवर गेल्या आहेत ते दिसतं. हा सगळा देवळाचा हिशेब आहे. कोणत्या गावानं काय द्यायचं, दिव्यांना तूप कुठून येणार, ठिकठिकाणच्या देवळांतून आणून इथे वसवलेल्या चारशे नर्तकींपैकी कोण कोणत्या आळीत कितव्या घरात राहते, इथवर बारकावा आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (कलम हे धान्याचं जुनं माप) भात मिळे. आजूबाजूला ग्रॅनाइटचा डोंगर नसताना एवढा दगड इथे आणून चढवणं राजाला कसं परवडलं, याचं उत्तर या हिशेबात आहे. तिथे जो तो भातात मोजलेला आहे.

मग प्राकारात नैर्ऋत्येच्या बाजूला जा. तिथल्या दगडांवर मराठी आहे. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला. मजकूर बाबुराव चिटणीसांचा. आठशे वर्षांपूर्वीच्या चोळ लेखांच्या शेजारी मराठी राजानं आपली वंशकथा आपल्या भाषेत लिहिली. मराठी माणसानं इथे उभं राहून निदान चार ओळी तरी वाचाव्यात.

भोसले इथे आले कसे, हे थोडक्यात सांगतो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाला आलेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम कोळ्ळिडमच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडीला पडला. धाकटे भाऊ भेटीला गेले, काही दिवस राहिले, वडिलोपार्जित वाटणीचं बोलणं काही जमेना, आणि ते रातोरात नदी ओलांडून तंजावरला परतले. पुढे १८५५ पर्यंत घराणं इथेच नांदलं.

राजवाड्यातले ग्रंथ

राजवाडा मूळ नायक राजांचा, मराठ्यांनी वाढवलेला. त्याच्या आवारातला सरस्वती महाल हे तंजावरचं सर्वांत मोठं धन आहे. सुमारे ४९ हजार हस्तलिखितं : ताडपत्रं आणि कागद, संस्कृत, तमिळ, तेलुगू, आणि तीन हजारांहून अधिक मराठी. शिवाय मोडी दफ्तरांचे गठ्ठेच्या गठ्ठे. पाया नायकांचा, पण संग्रहाला आजचं रूप दिलं ते सरफोजींनी.

सरफोजी दत्तक आले १७८७ मध्ये. त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यानं घेतली होती. शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये संगमरवराचं एक शिल्प आहे. श्वार्ट्झ अंथरुणावर अखेरच्या घटका मोजतो आहे आणि पगडीधारी तरुण राजानं त्याचा हात हातात घेतला आहे. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॅक्समनकडून हे शिल्प सरफोजींनी करवून घेतलं. ते पाहायला वाट वाकडी करावी लागली तरी करा.

या राजानं धन्वंतरी महाल काढला. तिथे देशी आणि युरोपीय औषधांचा अभ्यास चाले. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात, आणि नोंदीसोबत त्या रोग्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र. ही चित्रं आजही संग्रहात आहेत. बुबुळावरचा पांढरा पडदा, लाल झालेली कड, सगळं जसंच्या तसं काढलेलं. त्यांच्याच छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचं मराठी पुस्तक बाहेर पडलं. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांत ते मोडतं, आणि ते पुण्या-मुंबईत नाही, कावेरीच्या भातखाचरांत छापलं गेलं.

राजवाड्यातून निघण्याआधी देवमाशाचा सांगाडा पाहून घ्या. तरंगमबाडीच्या किनाऱ्याला लागलेला हा अवाढव्य जीव इथे ठेवला आहे. नदीकाठच्या या शहरापासून समुद्र फार लांब नाही, हे तो सांगतो.

सेतूच्या वाटेवरची छत्रं

आता शहर सोडून दक्षिणेला निघायचं. रामेश्वरच्या यात्रेकरूंची ही पूर्वापार वाट. काशीपासून, महाराष्ट्रापासून लोक पायी येत. त्यांच्यासाठी तंजावरच्या मराठी राजांनी ठिकठिकाणी छत्रं, म्हणजे जेवण आणि मुक्काम देणाऱ्या धर्मशाळा, बांधली आणि बहुतेकांना राण्यांची नावं दिली. नीडामंगलमला यमुनांबा छत्र आहे. ओरतनाडूला मुक्तांबा छत्र आहे, सरफोजींनी आपल्या दिवंगत प्रियेच्या आठवणीसाठी उभारलेलं.

१७९९ च्या तहानं सरफोजींचं राज्य कंपनी सरकारकडे गेलं. राजाकडे किल्ला आणि त्याच्या आसपासचा भाग तेवढा उरला. छत्रांच्या उत्पन्नाचाही प्रश्न आला, तेव्हा १८०१ मध्ये राजानं रेसिडेंटला पत्र लिहिलं. तंजावर समजून घ्यायला या पत्राइतका चांगला कागद दुसरा नाही. छत्रात ब्राह्मणापासून अस्पृश्य गणलेल्यांपर्यंत सगळ्यांना, जोगी-जंगम-बैराग्यांना अन्न मिळतं. शिजवलेला भात न चालणाऱ्याला शिधा मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून दवंडी देतात की कुणी उपाशी असेल तर यावं. आजाऱ्यासाठी वैद्य आहे, तान्ह्यासाठी दूध आहे. बाई छत्रात बाळंत झाली तर तिचा खर्च छत्र करतं. वाटेत आईबाप गेलेल्या मुलांना पंतोजीकडे सोपवतात, त्यांना तीन वेळा जेवू घालतात, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालतात, शिकवतात आणि पुढे त्यांच्या लग्नाचा खर्चही उचलतात. राज्य गमावलेला राजा हे सगळं कलमवार मांडून सांगतो, कारण त्याला ते वाचवायचं आहे.

एवढं वाचून मगच ओरतनाडूच्या छत्रासमोर उभे राहा. नाहीतर ती रस्त्याकडेची आणखी एक जुनी इमारत वाटेल. खरं तर तंजावरच्या मराठी राज्याची सर्वांत मोठी कमाई तिथे आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुढे पट्टुकोट्टै ओलांडलं की नारळीच्या बागा लागतात. नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळात इथले माड अक्षरशः आडवे झाले. माड पुन्हा फळायला वर्षं लागतात, त्यामुळे ती जखम इथल्या घरांनी फार काळ सोसली. किनाऱ्यावर मनोरा आहे : सहा कोनांची, आठ मजली इमारत. नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून सरफोजींनी १८१४-१५ मध्ये बांधलेली. समोरचा उथळ समुद्र म्हणजे पाल्कचा उपसागर. त्याच्या तळाशी समुद्री गवताची कुरणं आहेत आणि त्यावर ड्युगाँग, म्हणजे समुद्रगाई, चरतात. तंजावर आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्याला लागून ४४८ चौरस किलोमीटरचं देशातलं पहिलं ड्युगाँग राखीव क्षेत्र २०२२ मध्ये जाहीर झालं.

वेदारण्यम आणि कोडियक्करै

मनोऱ्यापासून पूर्वेला मुत्तुपेटची खारफुटी मागे टाकत किनाऱ्यानं वेदारण्यमला पोहोचता येतं. इथल्या मिठागरांपाशी थांबायला हवं. १३ एप्रिल १९३० ला राजाजी सुमारे शंभर सत्याग्रही घेऊन त्रिचीहून मिठासाठी निघाले, तंजावर, कुंभकोणम करत महिनाअखेर इथे पोहोचले. तंजावरचा कलेक्टर थॉर्न यानं हुकूम काढला होता की सत्याग्रहींना अन्न किंवा आसरा देणाऱ्याला तुरुंगात टाकू. सेतूच्या यात्रेकरूंना पिढ्यान्‌पिढ्या जेवू घालणाऱ्या मुलखात हा हुकूम चालणार कसा? लोकांनी उघडपणे मांडव घातले आणि शिक्षा भोगली. जिथे पहारा कडक होता तिथे वाटेतल्या झाडांच्या फांद्यांना अन्नाच्या पुरचुंड्या बांधून ठेवल्या. सरफोजींच्या पत्रातली दवंडी या लोकांनी अशी पुढे चालवली.

तिथून दहा-बारा किलोमीटरवर कोडियक्करै. किनारा इथे काटकोनात वळतो. अभयारण्य १९६७ मध्ये झालं, २००२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गवताळ माळावर काळवीट, उथळ पाण्यात रोहित, मधे काटेरी सदाहरित रान. हे सगळं कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या टोकाला आहे. नदीनं आणलेला गाळ आणि गोडं पाणी, समुद्राचं खारं पाणी, यांच्या मेळातून इथली पाणथळ घडली. वर पाणी अडलं, कमी आलं, तर त्याचा परिणाम इथल्या पक्ष्यांपर्यंत पोहोचतो.

कधी आणि कसं जावं

जानेवारी सर्वांत चांगला. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर झोडपून काढतो, तो तोवर ओसरलेला असतो. मेट्टूरचं पाणी रिवाजानं १२ जूनला सोडतात आणि २८ जानेवारीला बंद करतात, म्हणून नद्या-कालवे वाहते असतात. पक्षी आलेले असतात, पोंगलचा सण असतो, आणि त्यागराजांचा उत्सवही बहुधा याच दिवसांत येतो. विमानानं त्रिचीला उतरलात तर तंजावर साठेक किलोमीटर आहे.

दोन रात्री तंजावरला द्या. एक दिवस तिरुवैयारू आणि संध्याकाळी देऊळ, दुसरा दिवस राजवाडा, ग्रंथालय आणि चर्च. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून ओरतनाडू, मनोरा, वेदारण्यम करत मुक्कामाला कोडियक्करै गाठा. एवढा वेळ दिलात तर तंजावरच्या मराठी राज्याकडे आपण केवळ अभिमानानं पाहणार नाही. पिकलेल्या भाताचं काय करावं, हा प्रश्न त्या राज्यानं कसा सोडवला हेही शिकून येऊ, आणि ते आजच्या महाराष्ट्राच्याही उपयोगाचं आहे.

पुढच्या लेखांकात तरंगमबाडी : तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून १६२० मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी किल्ला बांधला तो किनारा.