सेकंड हँड बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्यावी की ऑडी एस५? धंदेवाल्याने असा करावा हिशोब



धंदा तीन-चार वर्षं नीट चालला की एक प्रश्न हमखास येतो, "सर, आता एक चांगली गाडी घेऊ का?" त्यातला जो गाडीवेडा असतो त्याचा प्रश्न आणखी पुढचा असतो. त्याने दोन गाड्या आधीच बघून ठेवलेल्या असतात, दोन्ही २०२१ च्या, दोन्ही सेकंड हँड. एक बीएमडब्ल्यू एम३४०आय, दुसरी ऑडी एस५ स्पोर्टबॅक. आणि त्याला फक्त एवढंच ऐकायचं असतं की यातली कुठली घेऊ.

व्हिडिओमध्ये वेळेअभावी आकडे भरभर सांगावे लागतात, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. गाडी तुमची आहे, पण पैसा धंद्यातून जाणार आहे, हे डोक्यात ठेवून वाचा.

आधी दोन्ही गाड्या समजून घ्या

दोन्ही गाड्या भारतात मार्च २०२१ मध्ये आल्या. दोन्हींना ३ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दोन्हींना ८ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दोन्हींत चारही चाकांना ताकद. कागदावर बहिणी-बहिणीच वाटतात. फरक पुढे आहे.

एम३४०आयमध्ये सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं इंजिन आहे. ताकद ३८७ एचपी, टॉर्क ५०० एनएम, शून्यावरून १०० चा वेग ४.४ सेकंदांत. तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ६२.९० लाख. महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही गाडी बीएमडब्ल्यूच्या चेन्नईच्या कारखान्यात जोडली जाते.

एस५ मध्ये व्ही६ इंजिन आहे. ताकद ३५४ एचपी, टॉर्क तोच ५०० एनएम, शून्यावरून १०० ला ४.८ सेकंद. तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ७९.०६ लाख. ऑडीचा कारखाना आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आहे, तिथे ए४ सारख्या गाड्या जोडल्या जातात. पण एस५ तिथली नाही, ती पूर्ण तयार होऊन बाहेरून आलेली आहे. किमतीतल्या फरकाचं मोठं कारण हेच, कारण पूर्ण तयार गाडीवर आयात शुल्क जास्त लागतं.

मग ०.४ सेकंदाचा फरक तुमच्या कामाचा आहे का? अजिबात नाही. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर वेगमर्यादा दोघींना सारखीच आहे. कामाचा फरक हा की एक गाडी इथे जोडलेली आणि दुसरी आयात केलेली. सुटे भाग, दुरुस्तीला लागणारे दिवस आणि पुन्हा विकताना मिळणारं गिऱ्हाईक, या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो.

एस५ च्या बाजूनेही एक मुद्दा आहे. तिचं मागचं दार काचेसकट वर उघडतं. सॅम्पल, कॅटलॉग, एक्झिबिशनचं सामान ठेवायला ते सोयीचं पडतं. एम३४०आयची डिकी सरळ सेडानची आहे. गिऱ्हाइकाला मागे बसवून नेणार असाल तर दोन्ही गाड्यांत स्वतः मागे बसून बघा. एस५ चं छत मागे उतरतं, उंच माणसाला ते लगेच जाणवेल.

खरा खर्च कसा काढायचा?

बहुतेक जण फक्त खरेदीची किंमत बघतात. आपण दुकानदार आहोत, आपल्याला माहितीय की माल किती रुपयांना घेतला याच्याइतकंच तो किती रुपयांना जाईल हेही महत्त्वाचं असतं. गाडीलाही हाच नियम लावा.

खालचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, बाजारभाव म्हणून वापरू नका. तुमच्या गाडीचे खरे आकडे टाकून हाच हिशोब पुन्हा करा.

समजा एम३४०आय ४८ लाखांना मिळतेय आणि एस५ ४५ लाखांना. तीन वर्षांनी पहिली ३२ लाखांना गेली आणि दुसरी २७ लाखांना. मग घसारा झाला अनुक्रमे १६ लाख आणि १८ लाख. म्हणजे महिन्याला साधारण ४४,४०० आणि ५०,०००.

आता कर्ज. दोन्हींसाठी ३० लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, ४ वर्षं. ईएमआय येतो साधारण ७९,०००. चार वर्षांत व्याज जातं ७.९२ लाख, म्हणजे सरासरी महिन्याला १६,५००.

पेट्रोल : महिन्याला १,००० किलोमीटर, शहरात लिटरला ८ किलोमीटर धरा. १२५ लिटर लागेल, म्हणजे साधारण १३,०००. विमा महिन्याला १०,००० धरा. देखभाल, टायर, ब्रेक मिळून एम३४०आयला १५,००० आणि आयात गाडी म्हणून एस५ ला २०,०००.

बेरीज करा. एम३४०आय महिन्याला सुमारे ९८,९००. एस५ सुमारे १,०९,५००. फरक १०,६०० चा. तीन वर्षांत तो होतो ३ लाख ८१ हजार. बघा, खरेदीला ३ लाखांनी स्वस्त असलेली गाडी वापरात पावणेचार लाखांहून जास्त महाग पडली. तुमच्या आकड्यांत कदाचित उलटंही होईल. एस५ ८ लाखांनी स्वस्त मिळाली तर अख्खं गणित फिरतं. म्हणून कोणी "अमुकच गाडी घ्या" म्हटलं तर आधी त्याला हा हिशोब विचारा.

आता धंद्याचा प्रश्न. महिन्याला १ लाख हा खर्च तुमच्या दुकानातून निघणार आहे. तुमचा निव्वळ नफा १० टक्के असेल, तर हा खर्च भरायला दर महिन्याला १० लाखांची जास्तीची विक्री लागेल. आजच्या विक्रीवर आणखी १० लाख. हा आकडा एकदा मोठ्याने वाचा.

व्याजदर विचारताना फसू नका

सेकंड हँड गाडीच्या कर्जात बरेचदा "फ्लॅट ७ टक्के" असं सांगतात. ऐकायला गोड वाटतं. ३० लाखांवर ७ टक्के फ्लॅट म्हणजे वर्षाला २.१० लाख, चार वर्षांत ८.४० लाख व्याज. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय, तरी व्याज पूर्ण ३० लाखांवरच लावलेलं असतं. घटत्या शिलकीच्या पद्धतीने बघितलं तर हा दर साडेबारा टक्क्यांच्याही थोडा वर जातो. म्हणजे वरच्या १२ टक्क्यांपेक्षा ७ टक्केच महाग! म्हणून प्रश्न एकच विचारायचा, "घटत्या शिलकीवर दर किती?" आणि उत्तर लेखी घ्यायचं.

"टॅक्स वाचतो" हे कितपत खरं?

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण याच्यावरच सगळ्यात जास्त गाड्या विकल्या जातात.

पहिली गोष्ट, जीएसटी. आपण स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या अशा मोटारीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. गाड्या विकणं, भाड्याने प्रवासी नेणं किंवा ड्रायव्हिंग शिकवणं हाच तुमचा धंदा असेल तर गोष्ट वेगळी. किराणा, कपडे, हार्डवेअर, पॅकेजिंगवाल्यांनी हे विसरून जायचं.

दुसरी गोष्ट, इन्कम टॅक्समधला घसारा. मोटारीला वर्षाला १५ टक्के दराने, उरलेल्या किमतीवर मिळतो. पहिल्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच. आणि घरचा वापर असेल तेवढा भाग वगळावा लागतो. ४५ लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी घसारा ६.७५ लाख. धंद्याचा वापर ६० टक्के धरला तर ४.०५ लाख. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेस धरून टॅक्स वाचला साधारण १.२६ लाख. १.२६ लाख वाचवण्यासाठी ४५ लाख खर्च करणं याला बचत म्हणत नाहीत. गाडी घ्यायचीच असेल तर ती सवलत जरूर घ्या, पण सवलतीसाठी गाडी घेऊ नका.

तिसरी गोष्ट, आपल्यातले बरेच जण ४४एडी खाली, म्हणजे विक्रीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरतात. त्यात घसारा आधीच वजा झाला असं धरलेलं असतं. म्हणजे वेगळी सवलत शून्य.

गाडी प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घ्यायचा विचार असेल, तर महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या मोटारीला रोड टॅक्सचा दर व्यक्तीपेक्षा जास्त आहे. आधी सीए आणि आरटीओ दोन्हीकडे विचारून घ्या.

गाडी तपासताना

या साध्या गाड्या नाहीत. ओळखीच्या मेकॅनिकने बोनेट उघडून "मस्त आहे" म्हटलं म्हणून भागत नाही. एवढं तरी कराच :

१. चासी नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहास काढा आणि पैसे भरून पूर्ण तपासणी करून घ्या. वॉरंटी किंवा सर्व्हिस पॅकेज शिल्लक आहे का, तेही चासी नंबरवरूनच विचारा. विकणाऱ्याच्या शब्दावर नको.

२. इंजिन रिमॅप केलंय का? वेगाची आवड असलेले मालक सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवतात. विकताना परत मूळ सॉफ्टवेअर टाकतात. असं केलेलं असेल तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि गिअरबॉक्सवर ताण आलेला असतो.

३. चारही टायर बघा. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत टायरच्या झिजेत मोठा फरक असेल तर त्याचा ताण यंत्रणेवर येतो. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच वयाचे असलेले बरे. नसतील तर नव्या सेटची किंमत भावात कापून घ्या.

४. गाडी लिफ्टवर घ्या. दोन्ही गाड्या खाली आहेत आणि आपले स्पीडब्रेकर उंच. खालचं कव्हर घासलेलं, अलॉयला चीर, सस्पेन्शनमधून आवाज, हे सगळं तिथेच कळतं.

५. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, कार्पेटखाली हात घाला. चिखलाचा डाग, कुबट वास, सीटखाली गंज दिसला तर गाडी पाण्यात गेलेली असू शकते. ती कितीही स्वस्त असली तरी सोडा.

६. इंजिन पूर्ण गार असताना सुरू करून बघा. तुम्ही पोहोचायच्या आत मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी परत जा.

कागदपत्रं

आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते ती हा टॅक्स धरायच्या आधी. थकलेली चलनं ऑनलाइन तपासा.

विम्याचा नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. विकणाऱ्याचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळणार नाही, म्हणून स्वतःच्या नावाने कोटेशन काढूनच हिशोब करा. पैसे बँकेतूनच द्या. कायद्याने एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही.

मग कुठली?

माझं मत सांगतो. भावात थोडाच फरक असेल तर एम३४०आय. इथे जोडलेली आहे आणि तीन वर्षांनी विकताना तिला गिऱ्हाईक जास्त मिळेल. एस५ घ्यायची तर दोन अटींवर : भाव एवढा खाली हवा की वरच्या हिशोबात ती महिन्याला स्वस्त दिसेल, आणि सर्व्हिसचा इतिहास पूर्ण हवा. शिवाय तुमच्या शहरापासून अधिकृत वर्कशॉप किती लांब आहे ते दोन्हींसाठी बघा. सांगली, लातूर, जळगावच्या माणसाला दर वेळी पुण्या-मुंबईपर्यंत गाडी न्यावी लागली, तर त्यात दुकानाचा एक दिवस जातो. तोही खर्चात धरा.

आणि या सगळ्याच्या आधी एक चाचणी. डाउन पेमेंट दिल्यावर बँकेत काय उरतं ते लिहा. त्यातून सहा महिन्यांचं भाडं, पगार, वीज आणि आधीचे हप्ते भागले पाहिजेत. शिवाय दिवाळीचा माल उधारीशिवाय भरता आला पाहिजे. हे जमत असेल तर गाडी बिनधास्त घ्या, कष्टाचे पैसे आहेत, आनंद घ्यायलाच हवा. जमत नसेल तर ईएमआयचे ७९,००० आजपासून वेगळ्या खात्यात टाकायला लागा. वर्षभर न चुकता टाकता आले, तर तुमच्याकडे ९ लाख ४८ हजार जमा होतील आणि हप्ता झेपतो हेही सिद्ध होईल. मधेच मोडावे लागले, तर ते गाडी दारात उभी असताना कळण्यापेक्षा आत्ता कळलं हे चांगलं. तुमच्या दुकानात कामाला असलेल्या मुलांचा पगार त्याच गल्ल्यातून जातो.

या रविवारी तासभर काढून हा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करा, आणि मगच टेस्ट ड्राइव्हला जा. एकदा स्टीअरिंग हातात आलं की वही उघडायची इच्छा होत नाही!