खराटा आणि माईक
राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबीर, हा तिचा साचा. मी असे शिबीर चालवतो. घरात कॉलेज पाहिलेला पहिला मीच. म्हणून असेल, माझे लक्ष आधी खराटा कुणाच्या हाती आणि माईक कुणाच्या हाती, इकडेच जाते. गटप्रमुख निवडा म्हटले की पोरे पाटलाच्या पोराकडे बघतात; आमची पोरे न सांगता झाडू लागतात. यातून कसले नेतृत्व घडणार?

म्हणून कामे रोज फिरवतो आणि रात्री लुटुपुटीची ग्रामसभा भरवतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. त्याचा हिशेब मागायचा. प्रश्न एका वाक्यात मांडायचा, त्याची वहीत नोंद होईपर्यंत खाली बसायचे नाही. एक मुलगी दोन रात्री उठली आणि नुसतीच बसली. तिसऱ्या रात्री म्हणाली, "आधी मागच्या सभेचे इतिवृत्त वाचा." सरपंच झालेला पोरगा गडबडला.

खरी ग्रामसभा १ मेला असते. ती जाईन म्हणते. घरचे अजून नको म्हणतात.